टोपलीत कोणी जायचं?

आमच्या दिवाणखान्यात काचेची एक पेटी आहे. तीन फूट लांब, सव्वाशे लिटर पाणी मावेल एवढी. आणि त्यात पाणी कसलं, तर खारं. लातुरात समुद्र! येणारा-जाणारा आधी पेटीकडे बघतो, मग माझ्याकडे. ''वहिनी, आपण प्यायचं पाणी मोजून वापरायलोत, आन् तुम्ही मिठाचं पाणी साठवून बसलात की!'' हे वाक्य ठरलेलं. त्यांचं काही चुकत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते याच शहरात. त्या उन्हाळ्यात कुणी मला असली पेटी दिली असती, तर मी दारातूनच परत पाठवली असती.

ही पेटी आली त्यानंतर काही वर्षांनी. छंद माझा नव्हे, मुलाचा. अकरावी-बारावीच्या लातुरी अभ्यासाच्या चक्कीत त्या पोराला तेवढाच एक विरंगुळा होता. खाऊचे पैसे साठवून त्याने एकेक वस्तू जमवली. पुढे तो पुण्याला इंजिनीअरिंगला गेला आणि समुद्र माझ्या गळ्यात पडला. मैत्रिणींनो, मुलांचे छंद शेवटी आयांच्याच गळ्यात पडतात. कुत्र्याच्या पिल्लापासून गुलाबाच्या कुंडीपर्यंत हा अनुभव तुम्हालाही असेलच.

तर या पेटीत राहते एक जोडी. क्लाउनफिशची. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. 'फाइंडिंग निमो' हा सिनेमा २००३ साली आला, तेव्हापासून दुकानदारही त्यांना 'निमो'च म्हणतात. मुलाने पुण्याहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून त्यांना आणलं, तेव्हा दोघं अगदी सारख्या मापाचे, दीड-दीड इंचाचे होते. ''ताई, जोडीच आहे,'' दुकानदार फोनवर म्हणाला होता. आमच्या सासूबाईंनी लगेच बारसं करून टाकलं. एक राजा, एक राणी. कोणता राजा आणि कोणती राणी हे कुणालाच माहीत नव्हतं, पण जोडी म्हटल्यावर नावं जोडीचीच पाहिजेत ना!

चार महिने संसार सुखाचा चालला. मग दोघांतला एक मासा वाढायला लागला. आणि एके दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन पेटीसमोर बसले, तर मोठा मासा छोट्याच्या मागे नुसता धावतोय. छोटा पळून पळून वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या मागे जाऊन थरथरत उभा. खायला टाकलं तरी खाली येईना. दोन दिवसांनी बघते तर त्याचा एक पर फाटलेला.

आता घरातल्या आणि शेजारच्या प्रतिक्रिया ऐका. आमचे हे म्हणाले, ''बघ, माशांतसुद्धा बायकोचंच चालतं.'' त्यांचे मित्र त्यावर खो-खो हसले. सासूबाई म्हणाल्या, ''होईल सवय. नवं नवं असं होतंच.'' समोरच्या काकू म्हणाल्या, ''संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, त्यात काय एवढं?'' म्हणजे पाण्यातले दोन मासे भांडायले, आणि बाहेर जो तो आपापल्या घरातलं बोलायला!

मी मुलाला फोन लावला. त्याने जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते ऐकण्यासारखं आहे.

क्लाउनफिशमध्ये मादी म्हणून कुणीच जन्माला येत नाही. लहानपणी सगळे सारखेच. एका ठिकाणी राहणाऱ्या गटात जो सगळ्यांत मोठा आणि वरचढ, तो मादी होतो. त्याच्या खालोखालचा नर. बाकीचे नुसते रांगेत. मादी मेली तर नराचीच मादी होते आणि रांगेतला पुढचा नर होतो. एकदा मादी झालेला मासा मात्र परत नर होत नाही. (सिनेमात निमोची आई मरते आणि बाप त्याला शोधत फिरतो. खऱ्या समुद्रात त्या बापाचीच आई झाली असती! पण असा सिनेमा मुलांना कोण दाखवणार?)

म्हणजे दुकानातून आलेली आमची 'जोडी' जोडी नव्हतीच. ती नुसती दोन सारखी पोरं होती. मोठं कोण, हे ठरायचं बाकी होतं. सारख्या मापाचे दोन मासे अरुंद जागेत सोडले, की हे ठरवण्यासाठी झटापट होणारच. त्यातून एकदा ठरलं की छोटा मासा मोठीसमोर अंग तिरकं करून थरथरतो. 'बाई, मी लहान, तू मोठी' असं म्हणण्याची ती त्याची रीत. मोठीला ते पटलं की ती चावणं सोडते. ही थरथर दिसली, परांना इजा नसली आणि दोघं व्यवस्थित खात असले, तर अधूनमधूनच्या पाठलागाला घाबरायचं कारण नाही. पण पर फाटलेले, छोटा सतत वरच्या कोपऱ्यात, श्वास जोरात, खाणं बंद, असं दिसलं तर ती 'सवय होण्याची' वाट बघण्याची वेळ नव्हे. तो मार आहे, आणि त्यात छोटा मासा काही दिवसांत मरतो.

यातली आणखी एक गोष्ट वाचली आणि माझ्या मनातून ती जाईना. पीटर बस्टन या संशोधकाने पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात या माशांचा अभ्यास केला. २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात तो छापून आला. त्यात असं दिसलं की रांगेतला खालचा मासा आपली वाढ रोखून धरतो. वरच्यापेक्षा आपण ठरावीक मापाने लहानच राहू, याची तो काळजी घेतो. कारण त्याच्या बरोबरीला आला, तर हाकलला जाईल. हाकलला गेला तर जाणार कुठे? हे मासे अ‍ॅनिमोनच्या आसऱ्याने राहतात. अ‍ॅनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा, पण डंख मारणारा समुद्री जीव. क्लाउनफिशला तो डंख बाधत नाही, म्हणून ते त्याचं घर. त्या घराबाहेर पडलेला इवलासा मासा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात जातो.

म्हणजे छोटा मासा मार खाऊन तिथेच राहतो, तो त्याला चालतं म्हणून नव्हे. बाहेर जागा नाही म्हणून राहतो. आणि आमच्या पेटीत तर 'बाहेर' असं काही नाहीच. चारी बाजूंनी काच.

हे सगळं कळल्यावर मी काय केलं? जे आपण सगळ्या जणी करतो तेच. मार खाणाऱ्याची दया आली. बाजारातून भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली आणली. नवी कोरी, साबण न लागलेली. नुसत्या पाण्याने धुतली, चिमट्यांनी पेटीच्या काठाला अडकवली आणि छोट्या राजाला त्यात ठेवलं. पाणी तेच, एकमेकांना दिसतायत, पण चावता येत नाही. राजा खायला लागला. आठ दिवसांत पर भरून आला. मला वाटलं, जिंकलं आपण! त्याला सोडलं. पाच मिनिटांत राणी त्याच्यावर अशी तुटून पडली की मीच ओरडले.

रात्री मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, ''अगं आई, उलटं केलंस की! मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला टोपलीत ठेवायचं. तू त्याला आठ दिवस कोंडलंस, तेवढ्यात अख्खी पेटी तिची झाली. मग तो बाहेर आला की तिला वाटणार, हा कोण घुसखोर!''

इतकं साधं होतं ते. मला सुचलं नव्हतं, घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राणी टोपलीत गेली. पेटीतले दगड उचलून मी दुसरीकडे मांडले, म्हणजे तिच्या ओळखीचा 'आपला' कोपरा उरला नाही. राजा पहिले दोन दिवस पंपामागून हलला नाही. तिसऱ्या दिवशी खाली आला. मग हळूहळू पेटीभर फिरायला लागला, दगडांच्या फटी धुंडाळायला लागला. पंधरा दिवसांनी रात्री दिवा बंद केल्यावर राणीला बाहेर सोडलं. सकाळी धडधडत्या छातीने बघायला गेले. ती त्याच्या अंगावर गेली, तो तिरका होऊन थरथरला, ती वळली. तिने पुन्हा पाठलाग केला, पण चावली नाही. आठवडाभर मी दिवसातून दहा वेळा बघत होते. आता दोघं एकाच दगडाच्या आडोशाला झोपतात. राणी मोठीच आहे, राज्य तिचंच आहे. पण त्याचे पर शाबूत आहेत.

हे जमलं नसतं तर? तर त्यांना कायमचं वेगळं करायचं, एकाला दुसऱ्या पेटीत ठेवायचं किंवा दुकानात परत द्यायचं, असं आम्ही ठरवलं होतं. सगळ्याच जोड्या जमत नाहीत. माशांच्या बाबतीत हे मान्य करायला कुणाला जड गेलं नाही. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, ''नाही पटत तर कशाला एकत्र मारता बिचाऱ्याला?''

ते वाक्य ऐकलं आणि मला माझी मावसबहीण आठवली.

माझं माहेर नांदेडचं. ही बहीण माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते. काही वर्षांपूर्वी दिवाळीत ती माझ्याकडे आली होती. तिने बाही वर करून मला दंड दाखवला. काळा-निळा. मी काय म्हणाले असेन? ''अगं, तोंडाला तोंड देत जाऊ नकोस. एखादं लेकरू झालं की सगळं ठीक होतंय बघ.'' शिकलेली, पेपरात लिहिणारी मी! तिने बाही खाली केली आणि माझ्यासोबत करंज्या तळत बसली. नंतरच्या वर्षांत ती किती गप्प झाली, किती हळू बोलायला लागली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ''समजूतदार झाली पोरगी,'' असं आम्हीच एकमेकींना सांगितलं. ती समजूतदार झाली नव्हती. ती स्वतःला लहान करत होती, म्हणजे हाकललं जाऊ नये.

माशाचा पर फाटला तेव्हा मी दोन दिवसांत टोपली आणली. बहिणीच्या दंडासाठी मी काहीच आणलं नाही.

गेल्या वर्षी ती स्वतःच निघून नांदेडला आली. मावशीच्या मागच्या खोलीत राहते. आली ते बरंच झालं, जिवंत आली. पण बघा ना, मार खाणारी खोलीत आणि मारणारा अख्ख्या घरात. तिची भांडी, तिने लावलेली तुळस, लेकराची शाळा, सगळं तिकडे. आणि जितके दिवस ती इकडे, तितकं ते घर त्याचं होत चाललंय. आता 'परत जा' म्हणणाऱ्यांना तिने परत तिथेच, घुसखोरासारखं जायला हवंय. मी राजाला टोपलीत ठेवून जी चूक केली, तीच चूक आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. मारहाण झाली की बाईलाच उचलायचं. माहेरी आणायचं, नाहीतर नातेवाइकाकडे ठेवायचं, आणि जरा जखम भरली की पुन्हा सोडून यायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की घराबाहेर कोण जाणार हा प्रश्न आपण उलट्या माणसाला विचारतो.

आणि हे काही माझ्या एकटीच्या डोक्यातलं खूळ नाही, कायदाही हेच सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. घर नावावर असो की नसो, ज्या घरात बाई नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. दंडाधिकारी मारहाण थांबवण्याचा आदेश देऊ शकतात. इतकंच काय, मारणाऱ्या पुरुषाला त्या घरातून बाहेर राहायला सांगू शकतात. बाईला नव्हे, त्याला! यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि १८१ या क्रमांकावर महिलांना मदत मागता येते. कायदा लागू होऊन इतकी वर्षं झाली, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकीलाही त्याला घराबाहेर ठेवता येतं हे ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं?

कुणी म्हणेल, माशांवरून माणसांचं काय शिकायचं? मलाही ते पटतं. माशांवरून 'बायकोचंच चालतं' असंही शिकू नये, आणि 'भांड्याला भांडं लागतंच' असंही शिकू नये. राणी कजाग नाही आणि राजा बावळट नाही. त्यांना माप न बघता एकत्र टाकणारे आणि काचेत बंद करणारे आपण. त्यामुळे जबाबदारी त्यांची नाही, आपली. पेटी ज्याने मांडली, त्याने टोपलीही तयार ठेवावी. मुलीचं लग्न मांडणाऱ्या आई-बापांना, काका-मामांना, आणि माझ्यासारख्या शहाण्या अक्कांना हे लागू होत नाही का?

आता ज्यांच्या घरी मुलांनी असाच समुद्र मांडलाय किंवा मांडायचा हट्ट धरलाय, त्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी. जोडी घेताना एक मोठा आणि एक स्पष्ट लहान असे घ्या, म्हणजे मोठं कोण हे आधीच ठरलेलं असतं. नाहीतर दोन्ही अगदी लहान पिल्लं एकाच दिवशी सोडा आणि लक्ष ठेवा. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र कधीच नकोत, त्या एकमेकींना जगू देत नाहीत. घरगुती पेटीत दोनच ठेवा. तिसरा आला की दोघं मिळून त्याला छळतात. वेगवेगळ्या जातींची भेसळ नको. मरून रंगाची जात तर फारच तापट, नवख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. खाणं थोडं थोडं आणि दोन ठिकाणी टाका. अ‍ॅनिमोन नसला तरी पेटीत त्यांचं काही अडत नाही. उलट त्याच्या मालकीवरून भांडण वाढू शकतं. पुढे अंडी घातली, तर त्यांना परांनी वारा घालत राखण करतो तो नर, आणि त्या दिवसांत दोघंही तुमच्या हातालासुद्धा चावतील. ते भांडण नव्हे, ती लेकरांची काळजी.

शक्यतो समुद्रातून पकडलेले नव्हे, पैदास केंद्रात वाढलेले मासे मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे क्लाउनफिशची पैदास करून दाखवलेली आहे, त्यामुळे प्रवाळातून मासे ओरबाडून आणायची गरज नाही. आणि पाण्याचं म्हणाल, तर दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागतं. साधं मीठ नव्हे. त्यासाठी शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना यंत्रातून जे वाया जातं, ते मी बादलीत धरते. आमची फरशी आणि गच्ची त्यावरच निघते. लातूरच्या बाईला पाणी ओतून द्यायला जमत नाही, समुद्र पाळला तरी!

परवा नांदेडला गेले होते. बहिणीला हा टोपलीचा किस्सा सांगितला. आधी ती हसली. मग बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ''अक्का, म्हंजे मी त्या घरात राहू शकते? आन् त्यालाच बाहेर राहायला सांगता येतं?'' मी हो म्हणाले. तिला परत जायचंय की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही, आणि ठरवायची घाई आम्ही कुणी करणार नाही आहोत. पण पुढच्या आठवड्यात संरक्षण अधिकाऱ्यांकडे आम्ही दोघी मिळून जाणार आहोत. या वेळी 'लेकरू झालं की ठीक होतंय' असं काही मी बोलणार नाहीये.

भाजीची ती टोपली मी टाकून दिलेली नाही. धुऊन, वाळवून पेटीखालच्या कपाटात ठेवली आहे. राणी सध्या शांत आहे, पण घरात असावी म्हणून.